बैठक झाली, कागद कुठे आहे?

घरात बाईवर हात उगारला गेला की आपल्याकडे ठरावीक दारे ठोठावली जातात. आधी माहेर, मग मोहल्ल्यातील एखादे बुजुर्ग, मग जमात. सरकारी कार्यालयाचा विचार सर्वांत शेवटी येतो आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. हे केवळ आपल्याच समाजात घडते असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कोणाची तरी मदत मागितली होती. तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी तर ही गोष्ट कधी कोणाला सांगितलीच नव्हती.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. घरातली मारहाण शाळेत वेगळ्या रूपाने पोहोचते. गृहपाठ अपुरा राहतो, मुलगी मधल्या सुट्टीत एकटी बसते, सोमवारी गैरहजर असते. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीची अम्मी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. मुलीला घेऊन तिला माहेरगावी जायचे होते. तिथे जवळपास हायस्कूल नव्हते, म्हणजे मुलीचे शिक्षण नववीतच संपणार होते. मी कारण विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपा, आजवर तीन बैठका झाल्या. दर वेळी त्यांनी कसम खाल्ली. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. परवा रात्री आम्हा दोघींना घराबाहेर काढलं."

"बैठकीत ठरलेलं कोणी लिहून ठेवलं होतं का?" मी विचारले. तिने मान हलवली. कागद एकही नव्हता.

त्या बैठकांना बसलेली माणसे भली होती. त्यांनी आपला वेळ दिला, नवऱ्याला चार शब्द सुनावले. पण हाती काही लिहिलेले नसल्यामुळे चौथ्या वेळीही त्या बाईला सारे पहिल्यापासून सांगावे आणि सिद्ध करावे लागणार होते. शिवाय नवऱ्याने शब्द मोडला तर पुढे काय, याचे उत्तर बैठकीजवळ नव्हते. "सब्र कर" एवढेच तिला सांगितले गेले.

पोलीस ठाण्याचे नाव काढताच ती घाबरली. "त्यांना आत टाकलं तर घर कोण चालवील?" ही भीती अनेक घरांत असते, म्हणून एक गोष्ट सर्वांना माहीत असायला हवी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी यांनाही त्याचा आधार घेता येतो. त्याखाली अर्ज केला म्हणून नवऱ्याला लगेच अटक होत नाही. मारहाण करू नये, घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, असे आदेश न्यायदंडाधिकारी देतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो. अर्ज करायला मदत करण्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बाईची हकीकत लिहून घेऊन ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायालयाकडे पाठवतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांसाठी त्याला उत्पन्नाची अटही नाही.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी अधिकारी नव्हत्या. त्यांच्याकडे दुसऱ्या तालुक्याचाही कार्यभार होता. दुसऱ्यांदा भेटल्या. त्यांनी नीट ऐकून घेतले, पण बसायला वेगळी खोली नव्हती. शेजारच्या टेबलावर लोक आपापल्या कामासाठी उभे होते आणि त्यांच्यासमोर या बाईला आपल्या अंगावरचे वळ सांगावे लागले. कायद्यात साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. हिचा आदेश हाती पडायला पाच महिने लागले. तरी तो पडला. तिला घरातून काढू नये, असे त्यात लिहिले होते. मुलगी आमच्याच शाळेतून दहावी पास झाली. त्या घरात सारे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही, पण आदेशानंतर पुन्हा हात उगारला गेला नाही, असे तिने मला सांगितले.

यातून मला जे दिसले ते असे की कायदा आहे, अधिकारी आहेत, पण एकीला दोन तालुके आणि खोली नाही, अशी व्यवस्था असेल तर दहापैकी नऊ बायका पहिल्याच दिवशी परत फिरतील. हे बदलता येते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण ऐकून घ्यायला प्रशिक्षित समाजसेविका. ठाण्याला भिणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. पुढे असे कक्ष राज्यभर झाले. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र निघाले. "पाय घसरून पडले" म्हणत जखम दाखवायला आलेल्या बाईला परिचारिकेने आपुलकीने पुढचा प्रश्न विचारावा, असे शिक्षण तिथे कर्मचाऱ्यांना दिले गेले. बाई ज्या दाराशी आपण होऊन येते, तिथेच मदत उभी केली.

शाळा हेही असेच एक दार आहे. राज्यातील शाळांत सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२ चा पोक्सो कायदा तर सांगतो की असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे. शाळेची किंवा खानदानाची बदनामी होईल, ही सबब तिथे चालत नाही.

दीनदार घरांतून एक प्रश्न नेहमी येतो: घरची गोष्ट चारचौघांत नेणे योग्य आहे का? अशा वेळी मी हजरत खौला बिन्त सालबा यांची आठवण देते. नवऱ्याने त्यांना आईच्या पाठीची उपमा देऊन दूर केले होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशी स्त्री धड पत्नीही राहत नसे आणि मोकळीही होत नसे. खौला घरात रडत बसल्या नाहीत. अल्लाहच्या रसूलांकडे (सल्ल.) जाऊन त्यांनी पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे मांडले. त्यावर सूरह मुजादलाच्या पहिल्या आयती उतरल्या. त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले गेले, रिवाज चुकीचा ठरला आणि तसे बोलणाऱ्याला कफ्फारा लागू झाला. त्या सूरहचे नावच दाद मागणाऱ्या स्त्रीवरून पडले आहे. पुढे खलीफा झाल्यावर हजरत उमर (रजि.) त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी रस्त्यात थांबून राहिले, अशीही रिवायत आहे. तक्रार करणारी बाई बेसब्र असते, हे म्हणणे आपल्या दीनात कुठून आले?

जमातीने बैठका बंद कराव्यात असे माझे म्हणणे नाही. बैठक घ्या, पण ठरलेले तारखेसह लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत बाईच्या हाती द्या. मारहाण झाली असेल तर बैठकीची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या, नोंद करून घ्या आणि संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत किंवा सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत सोबत जा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक मशिदीच्या फलकावर, शाळेत आणि शिवणवर्गात लावा.

कार्यालयात पद रिकामे असेल, खोली नसेल, तर तसे अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या. नगरसेवक किंवा आमदार मते मागायला दारी येतात तेव्हा आपण रस्ता आणि गटार यांविषयी विचारतो. या वेळी आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकारी कोण, त्या कुठे बसतात, आणि त्यांच्याकडे बाईला मोकळेपणी बोलता येईल अशी एक बंद खोली आहे का, हेही विचारा.