श्रवण, मनन आणि झिजलेले बेअरिंग

दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे आणि त्यात पहिले स्थान श्रवणाला दिलेले आहे. साहित्याच्या वर्गात आम्ही हा शब्द इतक्या सहजपणे वापरतो की ऐकणे हे कष्टाचे काम आहे, याचा आम्हांलाच विसर पडतो. ज्या शिवथरघळीत हा ग्रंथ सिद्ध झाला असे परंपरा मानते, तिथे उतरणाऱ्या भोर-महाड रस्त्यावर जायचे म्हणून आम्ही निघालो होतो. वाटेत ऐकण्याचा पाठ मिळाला तो मात्र मोटारीच्या एका चाकाकडून.

गाडी आमच्या एका स्नेह्यांची. दोन आसनांची, जमिनीला बिलगून धावणारी, आणि वर्षातले काही दिवस रेसट्रॅकवर घालवणारी. हौसेने तिला मूळच्यापेक्षा रुंद चाके बसवलेली. सिंहगडाच्या पायथ्याकडून पाबे घाटाने आधी वेल्ह्याला जायचे, मग भोर, मग वरंधा घाट असा बेत होता. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, आमच्या तोंडी वेल्हेच रुळले आहे.) खानापूर मागे पडले आणि गाडीत एक घुमणारा आवाज जाणवू लागला. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी, तसा. स्नेही म्हणाले, हा टायरचा आवाज. एका गॅरेजने त्यांना तसे सांगून चारही टायर बदलायला लावले होते. टायर नवे झाले. आवाज जुनाच राहिला.

टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. डांबराचा पोत बदलला की तोही बदलतो. हा बदलत नव्हता. सरळ रस्त्यावर क्लच दाबून इंजिनाची गती उतरवली, तरी घुमणे तसेच; म्हणजे ते इंजिनाचे नव्हते. गाडीच्या वेगाबरोबर मात्र ते वाढत होते. पाबे घाटाच्या वळणांनी पुढचा उलगडा केला. उजवे वळण आले की आवाज चढे, डावे आले की जवळजवळ विरे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. संशयाची सुई डावीकडे वळली.

चाकाच्या नाभीत पोलादी गोळ्यांच्या दोन ओळी असतात. आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमधल्या गुळगुळीत खाचांत त्या ग्रीसच्या पातळ थरावर फिरतात. खाचेच्या पृष्ठभागाचा तिळाएवढा कपचा उडाला, की प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना ठेचकाळते. सेकंदाला अशा कितीतरी ठेचा लागल्या की त्यांचेच घुमणे होते. ट्रॅकवर हे लवकर का घडते, हेही उघड आहे. ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटची फेरी ५.१२५ किलोमीटरची आणि घड्याळाच्या दिशेने जाणारी आहे. तिथे एकूण वळण उजवीकडेच साठत जाते आणि डाव्या चाकांना अधिक सोसावे लागते. त्यात बाहेर काढलेल्या रुंद चाकामुळे तरफेचा हात लांबतो, आणि तापलेल्या ब्रेकची उष्णता नाभीत उतरून ग्रीस पातळ करते.

वेल्ह्यात चहाला थांबलो असताना एका वृद्ध सुतारबाबांनी आवाजाचे वर्णन ऐकून घेतले आणि विचारले, "वंगण घातलंया का?" प्रश्न मोटारीला लागू नव्हता, कारण हे बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असते. पण प्रश्नामागचे ज्ञान खरे होते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आखावर घासत फिरतो. तिथे कुरकुर ऐकू आली की वंगण, हा नियम. घासण्याच्या जागी गडगडणे आणण्याची युक्ती फिलिप व्हॉन या वेल्श माणसाने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठीच पेटंट केली होती. आज तसली बेअरिंगे आपल्या चिंचवडात तयार होतात. आख, तुंबा, आरे, धाव या शब्दांच्या शेजारी आता बेअरिंग हाही मराठीच शब्द म्हणावा लागेल.

वेल्ह्याहून चेलाडी फाटा, महामार्ग, कापूरहोळ असे करत सावकाश भोर गाठले. तिथल्या कारागिराने आमचे सगळे निदान शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "कान फसवतो सर. पत्र्यातनं आवाज कुठूनबी येतो." त्याने जॅक लावला. चाक माथ्यावर आणि तळाशी धरून हलवले. पुढच्या डाव्या चाकात किंचित ढिलाई होती. मग आम्हांला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवले. ढिलाई नाहीशी झाली. ती सस्पेन्शनच्या सांध्यातली असती तर ब्रेक दाबूनही राहिली असती. शेवटी एका हाताने चाक फिरवून दुसऱ्या हाताची बोटे त्याने स्प्रिंगवर ठेवली, आणि आम्हांलाही ठेवायला लावली. बोटांना खरखर लागली, वाळूवरून पोते ओढल्यासारखी. उजव्या चाकाच्या स्प्रिंगवर काही नव्हते.

या ढिलाईचा अर्थ त्याने सांगितला तेव्हा आम्ही गप्प झालो. नाभी डुगडुगते तेव्हा ब्रेकची तबकडीही डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलते. मग उतारावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय खोल जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. वरंधा घाटाच्या उतरणीवर ते काय ठरले असते, हे सांगायला नको.

नवे बेअरिंग पुण्याहून आले ते दुसऱ्या दिवशी. नाभी काढताना जुने फुटतेच. ते पुन्हा बसवता येत नाही. नवे दाबयंत्रावर बसवताना त्याने जोर फक्त बाहेरच्या कड्यावर दिला, आणि नाभी आत दाबताना आधार आतल्या कड्याला. हे उलटे झाले तर सारा जोर गोळ्यांमधून जातो, खाचेत बारीक खळगे पडतात, आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत गुणगुणू लागते. आसाचा नट नवा वापरून, ठरलेल्या ताणाने आवळून, मगच चाकावर भार दिला.

समीक्षेत आम्ही पुष्कळदा टायरच बदलत असतो. कादंबरी घुमते आहे, कुठेतरी बिघडले आहे, एवढे कानाला कळते. मग दिसायला सोपे ते आम्ही दोषी ठरवतो: भाषा, लांबी, शेवट. श्रवणानंतर मनन सांगितले आहे. मननाचा अर्थ आम्ही आजवर एकांतात विचार करणे एवढाच घेत होतो. ऐकलेल्यावर वळणाचा भार टाकून पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, आणि कानाची साक्ष हाताकडून तपासून घेणे, हेही मननच. वर्गात यापुढे एखाद्या विद्यार्थ्याने कविता कुठे अडते ते सांगितले, तर त्याला आम्ही आधी एवढेच विचारू: कोणत्या वळणावर?