हातभर नळीचा धडा

वाचकहो, जुनी गाडी बाळगणे म्हणजे म्हातारा बैल सांभाळणे. काम कमी झाले तरी त्याच्या दाणावैरणीकडे पाठ फिरवून चालत नाही. आमच्या दारात १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. वडिलांनी ती उसाच्या बिलातून घेतली होती. तिच्यातून आमची वरात निघाली आणि मुलेही दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आली. तेव्हा ती विकायचा विषय घरात कोणी काढत नाही.

एका उन्हाळ्यात तिची पेट्रोलची रबरी नळी तडकली. रविवार होता, तालुक्याची दुकाने बंद. मी फवारणी पंपाच्या नळीचा हातभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना बाइंडिंगची तार आवळली आणि गाडी सुरू केली. आजचे भागले, उद्या नीट करू असे म्हटले. तो उद्या सहा महिने उजाडला नाही!

दिवाळीच्या सुमारास सौ. म्हणाली, "अहो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय."

मी म्हटले, "अगं, जुनी गाडी आहे. वास यायचाच."

पुढे एके सकाळी सूनबाईंना तपासणीसाठी तालुक्याला न्यायचे होते. त्यांना सातवा महिना होता. तीन-चार मैल गेलो असू, तोच सौ.ने मागून खांद्यावर हात ठेवला. "आधी गाडी थांबवा. ह्या वासाने पोरीला मळमळतंय." नाइलाजाने थांबलो, इंजिन बंद करून बॉनेट उघडले आणि माझे हातपाय गार पडले. ती नळी वाळक्या शेंगेसारखी कडक झाली होती आणि तारेखालच्या चिरेतून पेट्रोल थेंब थेंब तापलेल्या इंजिनावर पडत होते. सगळ्यांना खाली उतरवून दूर बांधावर बसवले. एक ठिणगी पुरेशी होती. पुढचा प्रवास आम्ही वडापने केला.

नंतर जाणकार मेस्त्रीकडून समजून घेतले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर सुरू झाले आणि २०२५पर्यंत ते बहुतेक सगळीकडे पोचले. हे इथेनॉल उसापासून, तसेच मका व तांदळापासून होते. म्हणजे आपल्याच शेतातला ऊस फिरून आपल्या टाकीत येतो. त्याला भाव मिळतो ह्याचा आनंदच आहे. पण जुन्या गाड्यांचे रबर ह्या इंधनासाठी केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकीतला जुना गाळ सुटा करते. तो गाळ फिल्टरमध्ये येऊन तुंबतो. माझी नळी तर पेट्रोलसाठी नव्हतीच. तेव्हा दोष उसाला देता येत नाही, तो माझा मलाच घ्यावा लागतो.

आता हे काम मी घरीच करतो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तुम्हीही करू शकाल, पण नियम पाळून. गाडी उघड्यावर घ्या, चुलीजवळ किंवा बंद गोठ्यात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बिडी-काडी दूर ठेवा. कोरड्या मातीची बादली आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नका, आग पाण्यावर तरंगत पसरते. आणि नळी तोंडाने कधीही ओढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

नळी सोडली की पेट्रोल वाहू लागते, म्हणून तिच्या तोंडात बसेल असा बोल्ट आधीच जवळ ठेवा. जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाची नळी घ्या. तिच्यावर 'एसएई ३० आर ९' असे छापलेले पाहा, ती इथेनॉलच्या पेट्रोलला टिकते. टाकीजवळचा, पंपाजवळचा आणि कार्बोरेटरजवळचा असे सगळे तुकडे एकदमच बदला. तार नको, क्लिपच लावा. फिल्टर नवा घाला. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

इंजिनावरच्या पेट्रोल पंपात रबरी पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल बाहेर गळते किंवा आत ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा न भरताच ऑइलची पातळी वाढली असेल, तर गाडी चालवू नका, मेस्त्रीला बोलवा. सगळे जोडून झाल्यावर बॅटरी लावा, इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करा आणि प्रत्येक सांधा पांढऱ्या फडक्याने टिपून पाहा. फडके कोरडे निघाले तरच गाडी रस्त्यावर काढा.

दर पाडव्याला आम्ही गाडीची पूजा करतो. आता पूजेआधी बॉनेट उघडून नळ्या वाकवून पाहतो. चीर दिसली की त्याच दिवशी बदलतो.

आमची नात आता वर्षाची होईल. तिला त्याच गाडीतून घरी आणले. निघण्याआधी मी सौ.ला विचारले, "वास येतो का गं?" ती खिडकीशी वाकली, नाकाने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "नाही. चला आता."

वाचकहो, घरातले माणूस 'वास येतोय' म्हणाले, तर त्याच पावली गाडी थांबवा.