कोठीची किल्ली

“कोळ्याची जाळी निदान झाडूनं काढता येतात. तुमच्या या तारांचं काय करायचं, ते सांग!”

रोज सकाळी केर काढायची वेळ झाली की सासूबाईंचा हा प्रश्न ठरलेला. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाणखान्यातल्या शोकेसवर इंटरनेटचा राउटर, त्याला खेटून टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी, दारावरच्या कॅमेऱ्याची पेटी चक्क पलंगाखाली! कुठली वायर कुणाची हे फक्त ह्यांना ठाऊक. आणि हे नोकरीनिमित्त पुण्याला. घरी येणार शनिवारी रात्री.

आम्ही सांगलीचे. पूर आमच्या पाचवीलाच पुजलेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं आणि जिन्याखालचा इन्व्हर्टर बॅटरीसकट गेला. नवा आणला, तो पुन्हा जिन्याखालीच! जुलै २०२१ मध्ये पाणी परत वाढू लागलं, तेव्हा मी आणि माझ्या पाचवीतल्या मुलानं टॉर्चच्या उजेडात हाताला येईल ती वायर उपसली, सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि वर नेलं. इन्व्हर्टर शेजाऱ्यांनी उचलून दिला. या खेपेस पाणी पायरीशी थांबलं. सुटलो म्हटलं. पण वीज आल्यावर गाठोडं सोडलं, तर कशाचं शेपूट कशाला जोडायचं काही कळेना. हे फोनवर सांगताहेत, “अगं, ती काळी पिन घे.” आणि माझ्यासमोर पाच काळ्या पिना!

तेव्हा शाळा ऑनलाइन होत्या. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. चार दिवस माझा वर्ग झाला नाही. हे आले, त्यांनी दहा मिनिटांत सगळं जोडलं आणि म्हणाले, “एवढंच तर होतं!” मला रडूच फुटलं. पाण्याचं एवढं वाटलं नव्हतं. पण आपल्याच घरात आपण पाहुण्यासारख्या आहोत, हे फार लागलं.

त्याच दिवशी मनाशी ठरवलं, ही सगळी यंत्रं एका जागी, वरच्या मजल्यावर न्यायची. पण जागा कुठली? वर एकच रिकामी होण्यासारखी खोली होती, सहा फूट बाय चार फुटांची. ती सासूबाईंची कोठी. लोणच्याच्या बरण्या, माहेरची पितळी भांडी, २०१९ च्या पुरातून वाचलेलं सगळं तिथं होतं. मागणार कुठल्या तोंडानं? तीन आठवडे मी विषयच काढला नाही.

शेवटी त्यांनीच काढला. “खोली घे,” म्हणाल्या. “पण एक सांगते. कोठीची किल्ली घरच्या बाईकडं असते. माझ्या सासूबाईंनी ती मला दिली, तेव्हा कुठल्या बरणीत काय, किती, कधीचं, हे माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलं होतं. तुझ्या या नव्या कोठीचंही तसंच पाहिजे. नाहीतर माझी खोलीही जायची आणि अक्कल परक्याकडंच राहायची.”

बरण्या खाली स्वयंपाकघरात आल्या. दोन मोठी पातेली त्यांनी मोडीत घातली. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. मी पाहिलं, पण बोलले नाही.

मग आला वायरमन. “साहेब आल्यावर ठरवू, वहिनी.” मी म्हटलं, “साहेब पैसे देतील. काय कुठं बसवायचं ते मी सांगणार. आधी अर्थिंग तपासा.” हे वाक्य मी आदल्या रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं होतं!

काम चालू असताना मी जवळ बसून विचारत राहिले. इंटरनेटची तार विजेच्या तारेबरोबर एका नळीतून न्यायची नाही. दोन्हींत निदान हातभर अंतर ठेवायचं. रस्त्यावरून येते ती फायबरची तार काचेची असते, तिच्यातून उजेड धावतो. तिला फडक्यासारखी घडी घालून चालत नाही, मोठं वेटोळं करावं लागतं. घरात खोल्याखोल्यांतून जाते ती ‘कॅट सिक्स’. तिच्यात आठ बारीक तारा असतात आणि शंभर मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे आपल्या घराला पुरून उरते. बॅटरी मात्र कोठीत ठेवायची नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. म्हणून ती आणि इन्व्हर्टर शेजारच्या उघड्या गॅलरीत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात गेले. खालच्या मजल्यावरचे सगळे बोर्ड छातीएवढे उंच घेतले. सांगलीकरणीला त्याचं कारण सांगायला नको.

चुकाही झाल्याच. धूळ नको म्हणून मी राउटर लोखंडी कपाटात ठेवला, तर वायफाय कपाटातच अडकलं. कपाटाबाहेर काढला, तरी दोन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरात काही पोचेना. मग वरून तार टाकून खाली दिवाणखान्यात आणखी एक छोटं यंत्र बसवलं. दार-खिडकी घट्ट लावून ठेवली, तर चैत्रात यंत्रं इतकी तापली की राउटर आपोआप बंद पडू लागला. आता खिडकीला जाळी आहे आणि दाराखाली दोन बोटं फट. यंत्रांनाही वारा लागतो, बाई!

सगळ्यांत उपयोगी पडल्या त्या चिठ्ठ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर घातला, वर पारदर्शक टेप लावली. आधी एकाच टोकाला लावल्या होत्या. दुसरं टोक शोधता शोधता अर्धी दुपार गेली, तेव्हा शहाणी झाले. आणि एक वही केली. नंबर, कुठून कुठे जाते, कधी बसवली. बरण्यांवर लावतात तशीच चिठ्ठी, तसाच हिशेब.

परीक्षा मार्च २०२३ मध्ये झाली. शाळेचे गुण ऑनलाइन भरायची शेवटची संध्याकाळ, आणि साडेसात वाजता इंटरनेट बंद! हात फोनकडे गेला होता, तो आवरला. किल्ली घेतली, वर गेले. फायबरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकत असेल तर दोष बाहेरचा, तो नव्हता. राउटरही चालू. पण घरभर तारा वाटून देणाऱ्या पेटीचे सगळे दिवे गेलेले. वहीत पाहिलं, सात नंबर. सात नंबरची पिन खाली लोंबत होती. चिरंजीवांनी तिथे आपला चार्जर लावला होता. पिन बसवली. एक एक करत हिरवे दिवे लागले.

आठ वाजता ह्यांना फोन केला आणि विचारलं, “जेवलात का?” बाकी काही सांगितलं नाही.

खाली आले तर सासूबाई जिन्यापाशी उभ्या. “सापडलं?” “सापडलं, सात नंबर.” “वहीत लिहून ठेव,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मैत्रिणींनो, वेगळी खोली सगळ्यांकडे नसते. भिंतीवरची एक उंच फळीही पुरते. पण आपल्या घरातली कुठली तार कुठे जाते, हे एका रविवारी ह्यांना समोर बसवून विचारून घ्या, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा आणि वही आपल्या हातानं लिहा.

कोठीची किल्ली आता माझ्या जुडग्यात आहे. सकाळी केर काढताना सासूबाई आता तारांबद्दल काही म्हणत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यांबद्दल मात्र अजून म्हणतात!