कौल आणि प्रश्न

आमच्या गोव्यात देवापुढे कौल-प्रसाद लावताना भटजी गाऱ्हाणे कसे घालतात, हे वाचकांनी पाहिलेच असेल. कार्य करावयाचे असेल तर उजवी पाकळी दे, नसेल तर डावी. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवूनच हात जोडावयाचे, ही त्यातील शिस्त. माणसांचा कौल घेताना ती शिस्त आम्ही स्वतः मोडली, त्याची ही कबुली.

गतवर्षी देवळाच्या उत्सवात शेतीच्या अनुदानावर चर्चा ठरली. मंडळींचे मत अजमावण्यासाठी प्रश्न लिहून देण्याचे काम वकील म्हणून आमच्याकडे आले. आम्ही लिहिले : ‘करदात्यांच्या पैशांतून शेतकऱ्यांना आणखी किती काळ अनुदाने वाटावयाची?’ तो वाचून होताच खाजन शेती कसणारे एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “वकीलबाब, जाप तुमीच बरयल्या, आमकां विचारतात कित्याक?”

आम्ही खजील झालो. न्यायालयात आपल्याच साक्षीदारास सूचक प्रश्न विचारला, तर प्रतिपक्ष तत्काळ हरकत घेतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा निर्बंध २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. जनमताच्या पाहणीत हरकत घेणार कोण?

अमेरिकेत मेरीलंड विद्यापीठाने २००४ साली केलेल्या पाहणीत लहान शेतकऱ्यास साहाय्य देण्यास बहुमत अनुकूल होते, मोठ्या शेतीउद्योगांस देण्यास प्रतिकूल. नुसता ‘शेती-अनुदान’ हा शब्द ऐकून कोणाची मूर्ती डोळ्यांपुढे येते, यावर मत फिरते. आपल्याकडे युरियाचे अनुदान शेतकऱ्याच्या नावे बोलले जाते. रक्कम जाते खत-कंपनीकडे, शेतकऱ्यास मिळते ती स्वस्त गोणी. २०१९ मध्ये वर्षास ६,००० रुपये थेट खात्यात देण्याची योजना निघाली, तिचे नाव ‘सन्मान निधी’. त्याच पैशास कोणी ‘खिरापत’ म्हटले की मने विटतात. देवळात गोड लागणारा हा शब्द राजकारणात इतका कडू का व्हावा?

आम्ही चिठ्ठ्या परत घेतल्या आणि नवा प्रश्न घातला : ‘खताच्या किमतीचा काही भाग सरकार भरते. तो तसाच ठेवावा, वाढवावा, कमी करावा की बंद करावा?’ मते चहूंकडे विभागली आणि आमचा पक्ष हरला. त्या वृद्ध गृहस्थांनी कोणते मत दिले, हे मात्र विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.