जागा

मुंबईच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, बसलेल्या बाईला विचारायचा प्रश्न एका शब्दाचा असतो. "कुठे?" ती म्हणते, "अंधेरी." विचारणारी म्हणते, "मग मला." झालं, जागा सांगून ठेवली. त्यानंतरही ती उभीच असते, खांद्यावर तीच पर्स आणि पाठीत कुणाचं तरी तेच कोपर. पण तिचं उभं राहणं बदलतं. मघाशी ती नुसती उभी होती, आता ती वाट बघत उभी आहे.

मी बोरिवलीला बसते आणि अंधेरीला उतरते, त्यामुळे माझ्या जागेला फार मागणी. मी नीट टेकायच्या आतच ती दुसरीच्या नावावर झालेली असते. आणि एवढं सगळं ठरलेलं असतानाही कांदिवलीला कुणीतरी चढतंच, तिघींच्या बाकाकडे बघतं आणि म्हणतं, "ताई, जरा सरकून घ्या ना." बाकावर इंचभर जागा नसते. तरी तिघी हलतात, कुठूनतरी अर्धी जागा निघते, आणि चौथी एक पाय वाटेत ठेवून त्या अर्ध्या जागेवर बसते. बसल्या बसल्या पिशवीतून मेथी काढते आणि निवडायला लागते.

आगमनकाळाच्या पहिल्या सोमवारी हे सगळं मला जरा वेगळं ऐकू येतं, कारण आदल्या दिवशीची मिस्सा कानात असते. आम्हा कॅथलिकांचा हा नाताळआधीचा काळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. पण पहिल्या रविवारचं शुभवर्तमान कोणाचंही असो, सांगणं एकच असतं: जागे राहा, घटका सांगून येणार नाही. मग चार आठवड्यांनी, नाताळच्या रात्री, लूक सांगतो की मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. म्हणजे सुरुवातीला जागा, शेवटीही जागा. इंग्रजी मिस्सेला जाणाऱ्या माझ्या मुलीला मी हा योगायोग मोठ्या उत्साहाने सांगितला, तर ती म्हणाली, "आई, हा फक्त मराठीतला जोक आहे." असेल. पण प्रार्थना तरी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत करते?

'आगमन' या शब्दाचंही तसंच. मुंबईत आगमन म्हटलं की गणपती. ऑगस्ट महिन्यात चौकाचौकात 'आगमन सोहळा' लिहिलेले फलक लागतात, ढोल-ताशे, रस्ता बंद, चतुर्थीच्या कितीतरी दिवस आधी मूर्ती कारखान्यातून निघते आणि सगळा परळ लोटतो. आमचं आगमन त्याच्या अगदी उलट. या चार आठवड्यांत चर्चमधलं एक एक काहीतरी काढून घेतलं जातं. फादरांच्या झग्याचा रंग जांभळा होतो. रविवारचं गौरवगीत थांबतं, ते थेट नाताळच्या रात्री परत येतं. वेदीजवळ मात्र हिरव्या पानांचं कडं येतं आणि चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या रविवारी त्यांतली एकच पेटते. गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी, येते. लहान मुलांना तीच आधी पेटवायची असते.

हे कडं काही फार प्राचीन नाही, आणि मुळात कॅथलिकही नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या ल्युथरन पाद्रीबाबांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. वैतागलेल्या माणसाने काढलेली युक्ती आहे ती. मला ती म्हणूनच आवडते.

आमच्या मजल्यावर याच दिवसांत मार्गशीर्षातले गुरुवार असतात. समोरच्या काकू घट मांडतात, पाच फळं, पाच पानं, आणि महालक्ष्मीची पोथी वाचायला बसतात. बाजारात गुरुवारी कोळणींपुढे गर्दी नसते. सुरमई नेहमीपेक्षा नरम भावात मिळते हे कबूल करायला हवं. पूर्वी आमच्यातही या काळात उपास होते. सहाव्या शतकात गॉलमध्ये ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास धरायचे. आता तसं बंधन उरलेलं नाही, त्यामुळे डिसेंबरमध्ये काकूंच्या घरात व्रत असतं आणि माझ्या घरात तळण. कुलकुल वळायला आम्ही चौघीजणी बसतो, काट्यावर पिठाची गोळी दाबायची आणि गुंडाळत आणायची. हात चालतात, तोंडं त्याहून जास्त चालतात. नेवऱ्या, पेरूचं चीज, मिल्क क्रीम, मार्झिपान. डबे भरतात आणि मन कुठल्या कुठे निघून जातं. आध्यात्मिक तयारी म्हणून जे काही सांगतात त्यातलं आमच्या घरात मैद्याखाली बरंच गाडलं जातं.

म्हणून पापनिवेदनाची संध्याकाळ असते. माझी गोव्याची शेजारीण त्याला कुमसार म्हणते. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी आजूबाजूच्या पॅरिशमधले फादर एकमेकांच्या मदतीला जातात; एका संध्याकाळी आमच्याकडे आठ-दहा फादर कोपऱ्याकोपऱ्यांत खुर्च्या टाकून बसतात. आपल्या फादरांपुढे जायला लोक बिचकतात, परक्या फादरांपुढे रांग लागते. रांग म्हणजे उभी नव्हे. बाकावर बसायचं, टोकाचा माणूस उठून गेला की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. गुडघे आखडलेल्या आजीबाई, कॉलेजातला पोरगा, बँकेतून थेट आलेला टायवाला, सगळे मुकाट्याने सरकतात. त्या बाकावर कुणी कुणाला "कुठे?" विचारत नाही.

मागच्या वर्षी मी माझी नेहमीची यादी सांगितली. चिडचिड, सासूबाईंना दिलेलं उत्तर, प्रार्थनेचा कंटाळा. दरवर्षी तीच, आदल्या वर्षीची कार्बन कॉपी. फादर तरुण होते, कुठल्या पॅरिशचे ते मला माहीत नाही. प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना मिळतील या हिशेबाने मी उठायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "कुणाकडे तरी जाऊन अर्धा तास बसा. काही नेऊ नका."

नेऊ नका! नाताळच्या दिवसांत, आमच्यात, रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं? मी घरी येऊन यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीन प्रार्थना स्वस्तात पडल्या असत्या."

मी ते पुढे ढकलत राहिले. कामावर जाणारीला निमित्तं पुष्कळ असतात. माझी कचेरी सीप्झमध्ये. १९७३ साली वसवलेल्या या वसाहतीत संगणकवाले आणि हिरे-दागिन्यांचे कारखाने शेजारी शेजारी आहेत, फाटकावर ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि याच कुंपणाच्या आत एक चर्च आहे, छप्पर नसलेलं. जेसुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० साली साथ आली, गाव उठलं, लोक मरोळला गेले आणि तिथे त्यांनी दुसरं चर्च उभारलं. जुनं तसंच राहिलं. दर्शनी भिंत उभी आहे, कमानी आहेत, दगडांतून झाडं उगवली आहेत. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, एरवी कुणी नसतं.

ते चर्च संत योहान बाप्तिस्त्याचं आहे. आगमनकाळाचा दुसरा रविवार दरवर्षी याच योहानाचा. रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा, टोळ आणि मध खाऊन जगणारा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सरळ करायला सांगणारा. बाळ येशूच्या गोजिरवाण्या नाताळात हा राकट माणूस कसा शिरला, असं मला लहानपणी वाटायचं. नाताळच्या कार्डावर तो कधीच नसतो. आता जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीकडे बघते तेव्हा वाटतं, त्याची जागा बरोबर आहे. सगळीकडे काचेच्या इमारती, चौरस फुटाचा भाव विचारायची सोय नाही, आणि मधोमध एवढी मोठी जागा नुसती उघडी पडलेली. वरून पाऊस येतो, ऊन येतं. येणाऱ्याला अडवायला दार नाही.

दुसरी रिकामी जागा घराजवळची. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत, शैव लेणी, आत शिवाची शिल्पं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांबरोबर फ्रान्सिस्कन साधू इथे आले, त्यांतल्या अंतोनियो दो पोर्तोंनी लेण्यातच चर्च केलं, वर मठ बांधला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि मठाचं राज्य संपलं. आता माथ्यावर मठाच्या पडक्या भिंती, खाली शिवाची पूजा, आणि आत खडकात कोरलेला एक क्रूस अजून दिसतो. दुसऱ्याच्या देवाला असं हलवून आपला मांडणं मला आज मुळीच पटत नाही. सरकून घेणं वेगळं आणि उठवून बसणं वेगळं, लोकलमधली कुठलीही बाई सांगेल.

पण फ्रान्सिस्कनांचं नाव निघालं की मला त्यांच्या मूळ पुरुषाचा गोठाही आठवतो. नाताळचा देखावा मांडायची आपली जी रीत, ती असिसीच्या संत फ्रान्सिसकडे जाते. १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावाच्या डोंगरात, त्याने गव्हाण मागवली, गवत मागवलं, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं. गावकरी मशाली घेऊन वर आले. त्याचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, जे वर्णन करतो त्यात बाळाची मूर्ती कुठेच नाही. गव्हाण रिकामी होती. मात्र जमलेल्यांतल्या एका माणसाला भास झाला की गव्हाणीत एक मूल निपचित पडलं आहे आणि फ्रान्सिस जवळ जाऊन त्याला झोपेतून उठवतो आहे. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. आम्हाला सांगतात, तुम्ही जागे राहा. आणि इथे झोपलं होतं ते बाळ.

आमच्या घरातल्या गोठ्याची गोष्ट एवढी थोर नाही. वन बीएचकेमध्ये गोठा मांडायला जागा शोधणं हे दरवर्षीचं भांडण. एक वर्ष फ्रिजवर, एक वर्ष चपलांच्या कपाटावर चादर घालून. मी करवंट्यांत नाचणी पेरते, आठ-दहा दिवसांत हिरवीगार लव येते, तीच गोठ्याभोवतालची शेतं. समोरच्या काकू बघून म्हणतात, "अगं, हे आमच्या नवरात्रातल्या घटासारखंच." मेंढरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ, सगळे आधी मांडतो, बाळ मात्र बरणीमागे लपवून ठेवायचं. २४ तारखेला चर्चहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहानाने ते गव्हाणीत ठेवायचं. मुलगी शाळेत असताना कॅटेकिझमच्या बाईंनी सांगितलेलं ती इमानाने करायची: एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी. एका वर्षी काड्या इतक्या झाल्या की बाळ त्यावरून घसरायला लागलं. मी हळूच निम्म्या काढून टाकल्या.

मध्यरात्रीची मिस्सा आता पुष्कळ ठिकाणी मध्यरात्रीची राहिलेली नाही. लाउडस्पीकरचा कायदा आहे, दहाच्या आत आटपायचं, म्हणून ती साडेआठ-नऊला उघड्या मैदानात सुरू होते. जागं राहायची गरजच संपली, असं म्हातारे कुरकुरतात. त्यांचं मला पटतं. लहानपणी पेंगत पेंगत आईच्या मांडीवर ऐकलेली ती घंटा साडेआठला वाजून चालत नाही.

मागच्या वर्षी गव्हाण मांडून झाली, डबे भरून झाले, शेजाऱ्यांची ताटं कागदाने झाकून झाली, आणि २३ तारखेच्या दुपारी आठवलं की प्रायश्चित्त राहिलंय. पॅरिशमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची एक यादी असते, त्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देतात. त्या यादीतल्या एक आजी आमच्याच विभागातल्या, एकसरच्या जुन्या गावठाणातल्या. दोन टोलेजंग इमारतींच्या मध्ये उरलेलं कौलारू घर. मी सवयीने नेवऱ्यांचा डबा उचलला, दारापर्यंत गेले, परत आले, डबा ठेवला. हात कुठे ठेवावेत कळेना.

खोली लहान. पलंग, औषधांचं टेबल, वॉकर, कपड्यांची पेटी, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली बारका लाल दिवा. खुर्ची नव्हती. सून "बसा हं, चहा ठेवते" म्हणून आत गेली, आणि बसायचं कुठे ते तिलाही सुचलं नसावं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय आणलंस?"

"काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग हाताने पलंगाची कड धरली, दम घेतला, एक खांदा उचलला, थांबल्या, दुसरा उचलला. मी धरायला पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाल्या. असं करत करत त्या भिंतीकडे सरकल्या, आणि कडेला वीतभर मोकळी झालेली चादर हाताने सारखी केली.

मी बसले. एक पाय जमिनीवरच राहिला. बोलण्यासारखं काही नव्हतं. बाहेर कुठल्या तरी इमारतीचं काम चालू होतं, यंत्र थांबलं की कबुतरांची फडफड ऐकू यायची. आजींचे डोळे मिटले, श्वास लांब झाला. झोप लागली असेल, आता निघावं म्हणून मी अलगद उठायला लागले.

"जागी आहे मी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बस."