वाऱ्याचा भरवसा

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडिलेड सोडून उत्तरेकडे सुमारे दोनशे किलोमीटर गेले म्हणजे जेम्सटाउन हे टुमदार गाव लागते. सभोवार गव्हाची शेते, मेंढरांचे कळप आणि क्षितिजावर बुटक्या टेकड्यांच्या रांगा. गावाच्या उत्तरेस हॉर्नस्डेल येथे ९९ पवनचक्क्या उभ्या असून त्यांची एकूण शक्ती सुमारे ३१५ मेगावॅट आहे. दुरून पाहणाऱ्यास ऊर्ध्वबाहू तपस्व्यांचा मेळाच जमला आहे की काय, असा भास होतो.

निसर्गावर कितपत विसंबावे, हा प्रश्न या भूमीस नवा नाही. १८६५ साली जॉर्ज गॉयडर या भूमापनाधिकाऱ्याने नकाशावर एक रेषा आखली. तिच्या उत्तरेस पावसाचा भरवसा नाही, तेथे धान्य पेरू नये, असा तिचा अर्थ. ज्यांनी हा इशारा मानला नाही, त्यांच्या ओसाड दगडी घरांचे अवशेष रेषेपलीकडे अद्याप दिसतात. पावसाची परीक्षा अशी झाली. वाऱ्याची झाली ती २८ सप्टेंबर २०१६ रोजी.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास चक्रवातांनी वीजवाहिन्यांचे लोखंडी मनोरे उलथून टाकले. वाहिनीत असा बिघाड झाला की जाळ्यातील विजेचा दाब क्षणभर कोसळतो. दोन मिनिटांत असे सहा धक्के बसले. एखाददुसरा धक्का पवनचक्की सहज सोसते. परंतु थोड्या अवधीत किती धक्के सोसावेत, याची मर्यादा अनेक चक्क्यांच्या नियंत्रक यंत्रणेत आधीच घालून ठेवलेली होती. ती ओलांडताच त्यांनी उत्पादन आवरते घेतले. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज नाहीशी झाली. तो सारा भार व्हिक्टोरिया प्रांताकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली, आणि साडेआठ लाख ग्राहक अंधारात बुडाले.

वाऱ्यावर विसंबल्याचे हे फळ, अशी टीका झाली. वस्तुतः वारा वाहत होता व यंत्रेही धडधाकट होती. उणीव होती ती त्यांस घालून दिलेल्या मर्यादेत. पुढे ती मर्यादा वाढविण्यात आली.

परंतु धक्का सोसणे निराळे आणि दुसऱ्यास सावरणे निराळे. तेथील विजेची वारंवारता, आपल्याकडील विजेप्रमाणेच, सेकंदास ५० आवर्तने अशी राखावी लागते. वीज कमी पडली की ती घसरते. जुन्या वीजगृहांतील अवजड फिरती चक्रे आपल्या वेगाने ही घसरण आपोआप मंदावतात. आधुनिक पवनचक्क्या विद्युत्-उपकरणांच्या मध्यस्थीने जाळ्यास जोडलेल्या असल्याने त्यांच्याकडून हे आपोआप घडत नाही. मात्र त्या आज्ञा तत्परतेने पाळतात. वारा असूनही थोडे उत्पादन राखून ठेवले तर गरज पडताच ते वाढविता येते. वीज अधिक झाल्यास पाती वळवून कमी करता येते. हॉर्नस्डेलच्या चक्क्यांनी याचा प्रयोग यशस्वी केला आणि २०१८ साली अशी सेवा देणारे ऑस्ट्रेलियातील पहिले पवनक्षेत्र होण्याचा मान मिळविला. राखून ठेवलेल्या विजेचे उत्पन्न बुडते खरे. पण अंधाराची किंमत त्याहून मोठी असते.

या प्रांतातील शेवटचे कोळशाचे वीजगृह मे २०१६ मध्येच बंद झाले होते. घरातील वडीलधारे निवृत्त झाले म्हणजे तरुणांनी केवळ मिळवते होऊन भागत नाही. अडचणीच्या वेळी घर सावरण्याचा भारही त्यांनाच उचलावा लागतो. हॉर्नस्डेलच्या टेकडीवरील तरुण मंडळींनी तो उचलला आहे.