ओवाळणी आणि आयकर

गेल्या दिवाळीत आमच्या पुतणीचा पहिला दिवाळसण झाला. जावईबापूंना चांदीच्या ताटात चिरोटे वाढले, रुसायची भरपूर संधी दिली, पण ते रुसेनात. तेव्हा आम्हीच थोडे हिरमुसलो. जेवणानंतर विडा तोंडात घालीत त्यांनी विचारले, "काका, आता आयकराचं विवरणपत्र आम्ही दोघांनी मिळून एकच भरायचं ना?"

"छे! सप्तपदीने दोन जीव एक होत असतील. आयकर खात्याच्या लेखी ते दोनच!" मी म्हणालो.

अमेरिकेत नवरा-बायकोला एकच विवरणपत्र भरता येते. आपल्याकडे ती सोय नाही. एकाने जुनी करपद्धत निवडली आणि दुसऱ्याने नवी, तर घरात वाद होईल, कायद्याची हरकत नाही. लग्नात आलेला आहेर तेवढा करमुक्त असतो, हे ऐकून मात्र जावईबापू खुलले.

एके काळी हा कायदा लग्नाची याहून अधिक कदर करीत असे. 1955 सालच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी उत्पन्नाचा पहिला करमुक्त टप्पा विवाहितांना 2,000 रुपयांचा, तर अविवाहितांना 1,000 रुपयांचा केला. आमचे वडील तेव्हा मुंबईत चारशे रुपयांवर नोकरी करीत आणि लग्नाचे नाव काढले की "पुढच्या वर्षी बघू" म्हणत. आजीने वर्तमानपत्रच त्यांच्यापुढे ठेवले. "बघ बाबा, आता सरकारसुद्धा दंड करायला लागलं!" त्याच वैशाखात वडील बोहल्यावर चढले. वाचलेल्या करातून मांडवाचा खर्चही निघाला नसता, पण आजीचे काम झाले. पुढे हा भेद कायद्यातून गेला.

माझी स्वतःची गोष्ट मात्र इतकी हसण्यासारखी नाही.

1988 साली मला पगाराची थकबाकी मिळाली. पंधरा हजार रुपये मी एका कंपनीत सौभाग्यवतीच्या नावे मुदतठेव म्हणून ठेवले आणि पाडव्याला ती पावती तिच्या तबकात घातली. ती शाळेत शिक्षिका. तिचे विवरणपत्रही मीच भरीत असे. मी बोट ठेवीन तिथे ती सही करी. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले. त्या ओवाळणीमागे माझा कर वाचवण्याचा हिशेब होता, हे मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी करसल्लागारांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, साहेब. लग्नाआधी दिलं असतंत तर गोष्ट वेगळी." मग त्यांनी 1963 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. एका गृहस्थाने लग्नाच्या काही दिवस आधी आपल्या वाग्दत्त वधूला शेअर दिले होते. देताना ती पत्नी नव्हती, म्हणून त्यांचे उत्पन्न त्याच्या माथी आले नाही. प्रेमाला मुहूर्त नसतो म्हणतात. पण दानाला असतो!

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितले. ती हसली नाही.

"म्हणजे ती ओवाळणी नव्हतीच तर."

"अगं, पैसे तुझेच आहेत. फक्त व्याज—"

"कर वाचवायला दिलंत, की मला दिलंत?"

मला उत्तर सुचले नाही. त्या वर्षापासून तिने स्वतःचे विवरणपत्र स्वतः भरायला घेतले. अर्ज घेऊन ती एकटीच करसल्लागारांकडे गेली, आणि येताना मला ठाऊक नसलेली एक गोष्ट शिकून आली. दिलेल्या पैशाचे व्याज नवऱ्याच्या हिशेबात धरतात. पण ते व्याज बायकोने पुन्हा गुंतवले, तर त्या व्याजावरचे व्याज तिचे स्वतःचे. दरवर्षी आलेले व्याज ती बँकेत वेगळे ठेवू लागली. त्याची वही तिच्याच कपाटात असे.

1993 सालच्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर तिने माझ्या हातात एक डबी ठेवली. आत मनगटी घड्याळ होते.

"व्याजावरच्या व्याजातून घेतलं. माझ्या पैशांचं आहे," ती म्हणाली. "आणि घड्याळाला उत्पन्न नसतं, तेव्हा हे माझ्या हिशेबात मिळवायला नको."

पाच वर्षांत त्या विषयावर ती प्रथमच बोलली होती. ते घड्याळ आजही माझ्या हातावर आहे. मधूनमधून मागे पडते, पण मी बदलत नाही.

जावईबापूंना मी एवढे सारे सांगितले नाही. पण आत पुतणीला तिची काकू सांगत होती, ते मला ऐकू आले: "विवरणपत्र त्यांनी भरलं तरी चालेल. सही करण्याआधी वाचून मात्र बघ हो."